वनरक्षक एड पुलास्की

वनरक्षक म्हणजे झाडांची राखण करणारा, एवढीच आमची समजूत होती. अमेरिकेतील एड पुलास्की ह्यांचे चरित्र वाचून ती पालटली.

खाणकामाचा अनुभव गाठीशी बांधून ते १९०८ साली सरकारी वनखात्यात रुजू झाले. २० ऑगस्ट १९१० रोजी आयडाहो राज्यातील वॉलेस गावाजवळच्या राखीव अरण्यात वादळी वाऱ्याने वणवा भडकला. पुलास्की आपल्या सुमारे ४५ सहकाऱ्यांना घेऊन खाणीच्या एका बोगद्यात शिरले. धुराने कासावीस होऊन माणसे बाहेर धावू लागताच त्यांनी पिस्तूल रोखून त्यांस अडविले. स्वतः मात्र तोंडाशी ओल्या घोंगड्या लावून ते ज्वाळांशी झुंजले व अखेर बेशुद्ध पडले. पाच जण बोगद्यातच दगावले, बाकीचे वाचले.

दोन दिवसांत आसपासच्या राज्यांतील सुमारे ३० लाख एकर वन भस्मसात झाले. पुलास्कींच्या डोळ्यांस कायमची इजा झाली, तरी १९३० पर्यंत त्यांनी वनसेवा सोडली नाही. १९३१ साली ते निवर्तले. एकीकडे कुऱ्हाड व दुसरीकडे कुदळीचे पाते असलेले, त्यांच्या नावाचे हत्यार आजही वणवा विझविणारे वापरतात.

अधिकाराचा धाक माणसे तारण्यासाठी असतो आणि तो घालणाऱ्याने प्रथम स्वतः आगीपुढे उभे राहावयाचे असते, हे आम्ही त्यांच्यापासून शिकलो.