उन्हाला कामाला लावणारा शिक्षक

इ. स. १८७८ साली पॅरिस शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथे उलट्या छत्रीसारखा एक प्रचंड आरसा सूर्याकडे तोंड करून उभा होता. त्याने गोळा केलेल्या उष्णतेवर वाफेचे यंत्र चाले. इतकेच नव्हे, तर त्याच उष्णतेच्या साहाय्याने बर्फही तयार करून दाखविण्यात आला! हे नवल घडविणारा पुरुष होता ओग्यूस्तँ मूशो.

मूशोचा जन्म १८२५ साली फ्रान्समधील सेम्यूर या गावी झाला. पुढे तो शाळेत गणित शिकवू लागला. त्या काळी कारखाने दगडी कोळशावर चालत. जमिनीच्या पोटातील कोळसा एक दिवस संपेल, मग कारखान्यांची चाके कशी फिरणार, या विचाराने तो बेचैन होई. १८६० पासून शाळेचे काम सांभाळून त्याने प्रयोग आरंभिले.

त्याने तांब्याचे पात्र बाहेरून काळे केले, कारण काळा रंग उष्णता लवकर शोषून घेतो. त्यावर काचेचे आवरण घातले. काच सूर्यकिरण आत येऊ देते. पण आतील उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. मग आरशाने त्या पात्रावर किरण एकवटले. पाणी उकळून वाफ झाली आणि यंत्र फिरू लागले. १८६६ साली त्याने आपले यंत्र बादशहा तिसरा नेपोलियन यास दाखविले.

परंतु यंत्र चालले, एवढ्याने ते घरोघरी जात नाही. ऊन फुकट होते. ते गोळा करणारा आरसा मात्र महाग होता. त्यावरील चांदीचा मुलामा लवकर काळवंडे. शिवाय ढग आले की काम थांबे.

फ्रान्सच्या ताब्यातील अल्जीरियात मात्र ऊन विपुल आणि कोळसा दुर्मिळ होता. म्हणून १८७७ साली सरकारने मूशोला द्रव्यसाहाय्य देऊन तिकडे पाठविले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळाले. त्याच सुमारास मुंबईत विल्यम अ‍ॅडम्स या इंग्रज गृहस्थाने मूशोचीच कल्पना थोडी बदलली. त्याने लाकडी चौकटीवर काचेचे लहान, सपाट आरसे बसवून वाफेचे यंत्र चालविले. अशा आरशांना खर्च कमी लागे.

मूशोचे भाग्य मात्र फार काळ टिकले नाही. इंग्लंडशी झालेल्या व्यापारी करारामुळे व आगगाड्यांच्या वाढत्या जाळ्यामुळे फ्रान्समध्ये कोळसा स्वस्त झाला. उन्हाची शक्ती कोळशापेक्षा महाग पडते, असे ठरवून सरकारने साहाय्य थांबविले. मूशोचे यंत्र निकामी ठरले नव्हते. ते फक्त बाजारभावापुढे हरले होते. तो पुन्हा गणिताकडे वळला. १९१२ साली पॅरिसमध्ये दारिद्र्यात त्याचा अंत झाला.

आज कित्येक घरांच्या छपरांवर सौरपट्ट्या दिसतात. त्या सूर्यप्रकाशापासून थेट वीज निर्माण करतात. मूशोची रीत निराळी होती. परंतु अडचण पुष्कळशी तीच होती : ऊन फुकट, साधन महाग. अनेक देशांत सरकारने खर्चाचा काही भार उचलला, साधनांची किंमत उतरत गेली आणि मगच सामान्य माणसाचा हात तेथवर पोहोचला. मूशोला सूर्य वश झाला होता; त्याला हवा होता तो थोडा अधिक काळ आधार. तो त्याला मिळाला नाही.