माधवराव सप्रे यांचा शांत कर्मयोग

नित्याच्या कामाने मनुष्य थकतो, असे सर्वत्र म्हटले जाते. परंतु विचार केला असता असे दिसते की, त्याला खरे थकविते ती फळाची चिंता आणि कालच्या चुकीची टोचणी. या दोहोंच्या पार जाऊन दिवसाचे कर्म प्रसन्नचित्ताने कसे करावे, याचा वस्तुपाठ रायपूरचे पंडित माधवराव सप्रे यांच्या चरित्रात सापडतो.

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे एका मराठी कुटुंबात झाला. शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले. पदवीधर असूनही सरकारी नोकरी न पत्करता त्यांनी लोकशिक्षणाचे व्रत घेतले. १९०० साली पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. ते तीन वर्षांनी तोट्यामुळे बंद पडले. पुढे १९०७ साली नागपुरात त्यांनी ‘हिंदी केसरी’ काढला. ऑगस्ट १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. वडील बंधूंच्या निर्वाणीच्या आग्रहापुढे त्यांचा निरुपाय झाला आणि क्षमापत्र लिहून देऊन ते सुटले. लोकांना निर्भयतेचा उपदेश करणाऱ्या पुरुषास याहून जिव्हारी लागणारा घाव कोणता?

माधवराव वर्धेजवळील हनुमानगड येथे रामदासी सत्पुरुष श्रीधर विष्णु परांजपे यांच्या सान्निध्यात राहिले. मधुकरी मागावी आणि ‘दासबोधा’चे मनन करावे, असा त्यांचा क्रम होता. परंतु समर्थांची शिकवण कर्मत्यागाची नव्हे. तेथून माधवराव रायपुरास परतले, ते गेलेली प्रतिष्ठा शोधण्यासाठी नव्हे, तर हातून होईल ते काम करण्यासाठी. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी जानकीदेवी पाठशाळा काढली. ‘दासबोध’ हिंदीत आणला. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली मराठीत प्रसिद्ध झाले. माधवरावांनी केलेला त्याचा हिंदी अनुवाद पुढच्याच वर्षी, १९१६ साली, वाचकांच्या हाती आला. चिंतामणराव वैद्य यांच्या महाभारतविषयक ग्रंथाचेही त्यांनी भाषांतर केले.

भाषांतराचे कर्म मोठे बोधप्रद आहे. त्यात कीर्ती मूळ ग्रंथकाराची. घाई केली तर अर्थ बिघडतो. उरलेल्या पानांकडे पाहत बसले तर धीर सुटतो. समोरचे एक वाक्य नीट तोलावे, योग्य शब्दांत बसवावे आणि मगच पुढच्यास हात घालावा. त्यातील आनंद फळात नसून त्या तोलण्यातच असतो. कर्म सोडू नये, आसक्ती सोडावी, हा ज्या ग्रंथाचा सिद्धांत, त्याचा अनुवाद करणे हीच त्या सिद्धांताची साधना होय.

१९२४ साली देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद माधवरावांना लाभले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचा देहान्त झाला.

कचेरीतील कारकून असो, शाळेतील शिक्षक असो की घर सांभाळणारी गृहिणी, कामाचा डोंगर प्रत्येकापुढे असतोच. कालच्या चुकीवर उपाय एकच, आजचे कर्म चोख करणे. हाती एका वेळी एकच काम घ्यावे, त्यात सारे चित्त ओतावे आणि ते होताच फळासह ईश्वरार्पण करावे. असे करणाऱ्याचे काम कमी होत नाही. त्याचे ओझे मात्र निश्चित उतरते.