विटांच्या पुलाचे गणित मांडणारा प्राध्यापक : योहान आंद्रेआस शूबर्ट

शूबर्ट हे नाव उच्चारताच रसिकांच्या मनात व्हिएन्नाचा अल्पायुषी संगीतकार उभा राहतो. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात मात्र याच आडनावाचा आणखी एक पुरुष आदराने स्मरला जातो. जगातील सर्वांत मोठा विटांचा पूल ज्यांच्या आकडेमोडीवर उभा राहिला, ते हे योहान आंद्रेआस शूबर्ट.

त्यांचा जन्म १९ मार्च १८०८ रोजी फोग्टलांड या डोंगराळ भागातील वेर्नेसग्र्यून नावाच्या खेड्यात, एका गरीब कष्टकरी कुटुंबात झाला. घरच्या परिस्थितीत या मुलाच्या वाट्याला मोलमजुरीच यायची. पण लहान वयातच लाइपझिगच्या एका पोलीस अधिकाऱ्याने त्याला आपल्या घरी सांभाळावयास नेले आणि त्याच्या शिक्षणाची सोय झाली. पालनकर्ता निवर्तल्यावर हा आधार तुटला. पुढचे शिक्षण केनिगश्टाइनच्या किल्ल्यातील शाळेत आणि नंतर ड्रेस्डेन येथे झाले. तेथे स्थापत्याचे शिक्षण घेत असतानाच त्यांनी यंत्रशाळेत हातांनी काम करण्याचाही अनुभव घेतला. पुस्तक आणि हातोडा या दोहोंची सवय एकाच वयात लागली, हे त्यांच्या पुढील आयुष्याकडे पाहता महत्त्वाचे ठरते.

१८२८ साली ड्रेस्डेनमध्ये तांत्रिक शिक्षणाची एक नवी संस्था निघाली. आजच्या ड्रेस्डेन तंत्रविद्यापीठाचे मूळ ते हेच. अवघ्या विसाव्या वर्षी शूबर्ट तेथे शिक्षक झाले आणि १८३२ मध्ये प्राध्यापक. परंतु केवळ फळ्यापुढे उभे राहून त्यांचे समाधान होईना. १८३६ मध्ये त्यांनी ड्रेस्डेनजवळ यूबिगाउ येथे यंत्रनिर्मितीचा कारखाना उभारण्यात पुढाकार घेतला. त्यांच्या देखरेखीखाली एल्ब नदीच्या वरच्या पात्रात चालणारी पहिली वाफेची बोट १८३७ साली पाण्यात उतरली, आणि पाठोपाठ साक्सोनिया हे इंजिन तयार झाले. जर्मनीत बांधलेले, प्रत्यक्ष उपयोगात आलेले हे पहिले रेल्वे इंजिन होय. ८ एप्रिल १८३९ रोजी लाइपझिग–ड्रेस्डेन लोहमार्गाचा उद्घाटन सोहळा झाला, तेव्हा मानाच्या गाड्या ओढण्याचे काम इंग्लंडहून आणलेल्या इंजिनांकडे होते. साक्सोनिया त्यांच्या मागून धावले आणि ते चालवीत होते स्वतः शूबर्ट. घरच्या कारागिरीला मागचे स्थान मिळण्याची ही कथा आपल्याकडेही अपरिचित नाही. व्यवसायात मात्र त्यांचे मन फार काळ रमले नाही. ते पुन्हा आपल्या विद्यार्थ्यांकडे वळले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे कार्य यानंतर आले. लाइपझिगला बव्हेरियातील न्यूर्नबर्गशी जोडण्यासाठी १८४१ मध्ये सॅक्सन-बव्हेरियन रेल्वे कंपनी स्थापन झाली होती. रूळ दक्षिणेकडे सरकत गेले आणि फोग्टलांडच्या खोल दऱ्यांपाशी येऊन थबकले. त्या काळच्या इंजिनांना तीव्र चढ झेपत नसे. म्हणून गाडीने दरीत उतरून पुन्हा वर चढणे अशक्यच होते. दरीच जवळजवळ सपाट पातळीवर ओलांडावी लागणार होती. ग्योल्च नदीच्या दरीवर त्यासाठी सुमारे ७८ मीटर उंचीचा पूल हवा होता. एवढ्या उंचीचा रेल्वेपूल तोवर कोणी बांधला नव्हता. नदी स्वतः अगदी लहान, पण तिची दरी विलक्षण खोल!

जानेवारी १८४५ मध्ये कंपनीने स्पर्धा जाहीर केली आणि एक हजार थालरचे पारितोषिक ठेवले. ८१ आराखडे आले. ते तपासणाऱ्या समितीचे प्रमुखपद शूबर्ट यांच्याकडे होते. आराखड्यांत कल्पकतेची वाण नव्हती, रेखाटनेही देखणी होती. पण आपला पूल धावत्या गाड्यांचा भार सोसून उभा राहील, हे गणिताने सिद्ध करून दाखविणे एकालाही साधले नव्हते. त्यात नवल नव्हते. पूर्वीच्या पुलांचे अनुभव, गवंड्यांचे परंपरागत ठोकताळे आणि थोडे धाडस, एवढ्यावरच तोवर पूल बांधले जात. मोजमाप नसलेल्या नव्या उंचीपुढे परंपरा मुकी झाली होती. पारितोषिकाची रक्कम चौघांत वाटली गेली, पण बांधण्यायोग्य आराखडा हाती आला नाही.

तेव्हा परीक्षकानेच लेखणी उचलली. आलेल्या आराखड्यांतील ग्राह्य भाग घेऊन शूबर्ट यांनी नवा आराखडा रचला आणि कमानींच्या स्थैर्याचे गणित मांडले. त्यामागील तत्त्व सामान्य वाचकासही समजण्यासारखे आहे. दोन टोकांना धरलेली साखळी आपल्या वजनाने एक विशिष्ट वळण घेते. ते वळण उलटे केले की कमानीचा आकार मिळतो. वीट दाब उत्तम सोसते, ताण मात्र तिला सोसत नाही. म्हणून वरचा भार खाली पायापर्यंत ज्या रेषेने उतरतो, ती दाबाची रेषा कमानीच्या जाडीच्या आतच राहिली पाहिजे. ती बाहेर गेली की सांधे उघडतात आणि बांधकाम ढासळते. ही रेषा नेमकी कोठून जाईल हे आधी आकड्यांनी ठरवून मग एवढा प्रचंड पूल उभारणे, हे अभूतपूर्व होते. गणिताने स्थैर्य तपासून बांधलेला जगातील पहिला मोठा पूल म्हणून याचा उल्लेख होतो, तो यामुळे.

दगडाऐवजी वीट निवडण्याचे कारण व्यावहारिक होते. परिसरात विटांना योग्य माती विपुल होती, त्यामुळे काम स्वस्त आणि जलद होणार होते. विशेष भार येणाऱ्या जागी तेवढा ग्रॅनाइट वापरला गेला. ३१ मे १८४६ रोजी पायाभरणी झाली.

काम सुरू झाल्यावर भूमीने आपले मत नोंदविले. दरीच्या मध्यभागी जमीन अपेक्षेइतकी कठीण निघाली नाही. तेथे ठरल्याप्रमाणे खांब रोवणे धोक्याचे होते. मुख्य अभियंता रोबेर्ट व्हिल्के यांनी मधला भाग बदलला आणि खांबांच्या जागी एकावर एक अशा दोन विशाल कमानी योजल्या. पुलाचे जे रूप आज छायाचित्रांतून डोळ्यांत भरते ते त्या मधल्या भव्य कमानींमुळेच, म्हणजे एका अडचणीमुळे! श्रेय कोणाचे, हा वाद त्यामुळे अधूनमधून निघतो. न्यायाने पाहता शूबर्ट यांची गणिती पद्धती आणि व्हिल्के यांची जागेवरची जाण, यांपैकी एकीवाचून हा पूल उभा राहता ना.

पैशाचे ओझे कंपनीला पेलेना, तेव्हा १८४७ मध्ये सॅक्सन सरकारने हा लोहमार्ग आपल्या ताब्यात घेतला. काम थांबले नाही. परांच्यांसाठी हजारो झाडे तोडली गेली, भट्ट्या अखंड पेटत्या राहिल्या. पुलाला एकूण २ कोटी ६० लाखांहून अधिक विटा लागल्या. चार मजली रचना, ९८ कमानी आणि ५७४ मीटर लांबी, असा हा पसारा. सुमारे १,७०० मजूर येथे राबले. त्यांपैकी ३१ जणांनी अपघातांत प्राण गमावले. शूबर्ट यांच्या गणितात पुलाच्या सुरक्षिततेची तरतूद होती. परांचीवर चढणाऱ्या माणसाच्या सुरक्षिततेचे गणित त्या काळी कोणीच मांडत नसे.

मधल्या काळात रायखेनबाखपर्यंत एक रूळ आला होता आणि पलीकडे प्लाउएन ते होफ दुसरा तयार झाला होता. १५ जुलै १८५१ रोजी ग्योल्चचा पूल आणि त्याच्याबरोबरच बांधलेला एल्स्टर दरीवरील ६८ मीटर उंच पूल खुले झाले, आणि हा मार्ग अखंड झाला. आपल्याकडे बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी सुटली ती यानंतर पावणेदोन वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी.

दगडी कमानपुलांच्या रचनेचा सिद्धान्त शूबर्ट यांनी ग्रंथरूपाने मांडला. पुढेही ते शिकवीत राहिले आणि १८६९ साली निवृत्त झाले. ६ ऑक्टोबर १८७० रोजी ड्रेस्डेन येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या साक्सोनियाची हुबेहूब प्रतिकृती १८३९ च्या त्या सोहळ्याच्या दीडशेव्या वर्षी, १९८९ मध्ये, रुळांवर आली.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, एप्रिल १९४५ मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने एल्स्टरच्या पुलाचा मधला भाग सुरुंगाने उडविला. तो १९५० पर्यंत पुन्हा बांधावा लागला. ग्योल्चचा पूल वाचला. या मार्गावर वाफेनंतर डिझेल आले आणि २०१३ च्या अखेरीस वीज. तारांचे खांब आता त्याच कमानींच्या माथ्यावर उभे आहेत आणि खालून गाड्यांचा भार त्याच विटा पेलीत आहेत.