पायरीचा मान

नामदेवराय १२७० साली शिंप्याच्या घरी जन्मले. देव त्यांच्या हातचा नैवेद्य जेवला, लहानपणीच मोठं नाव झालं. नावासंगं थोडा ताठाही आला. आपल्या तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी पारखली, नामदेवराय रागावले आणि कच्चं मडकं ठरले, असं आम्ही परंपरेनं ऐकत आलो. मग ते औंढ्याला विसोबा खेचरांना शरण गेले. पुढं पंजाबात घुमानपर्यंत नाम नेलं. एवढी कीर्ती झाली, तरी पंढरीत जागा मागितली ती महाद्वाराच्या पायरीची. संतांची पायधूळ मिळावी म्हणून. माउली, दिंडीची शंभर वर्षं पांडुरंगानं चालवली. गळ्यात हार पडला की आम्ही ती पायरी आठवावी. खळ्यात रास पडली तरी पाऊस त्यानंच पाडलेला असतो.