अंगणात नेलेली शाळा : पद्मभूषण ताराबाई मोडक

महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा विचार करताना ताराबाई मोडक यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. १९ एप्रिल १८९२ रोजी जन्मलेल्या ताराबाई या प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते सदाशिव पांडुरंग केळकर यांच्या कन्या. स्त्रीने पदवी घेणे हीच नवलाई असलेल्या काळात, १९१४ साली, त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झालेला विवाह मात्र टिकला नाही. १९२१ मध्ये विभक्त झाल्यावर त्यांनी राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. ती मानाची जागा सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात दाखल झाल्या. पदरी लहान मुलगी असलेल्या एकट्या स्त्रीने हा निर्णय घ्यावा, हे आजही थक्क करणारे आहे.

गिजुभाई मूळचे वकील. मादाम माँटेसरी यांची पद्धती त्यांनी गुजरातच्या मातीत रुजवली होती. तेथे छडी नव्हती, बक्षिसाचे आमिषही नव्हते. मुलाने आपल्या आवडीचे साधन उचलावे, त्यात रमावे आणि शिक्षकाने ते निरखावे, अशी रीत होती. १९२६ मध्ये या विचाराच्या प्रसारासाठी नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाईंनी मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली आणि १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केला.

शिशुविहार नावारूपाला आला, तरी ताराबाईंचे समाधान होईना. दादरच्या सुशिक्षित घरांतील मुलांना जे मिळते, ते खेड्यातील मुलाला कोण देणार? १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ याच काळात त्यांना येऊन मिळाल्या.

खरी कसोटी येथेच लागली. माँटेसरीची साधने महाग, खेड्याला न परवडणारी. ताराबाईंनी शिंपले, खडे, पाने, बिया यांतून साधने घडवली. मोजणे, निवडणे, लहानमोठे ओळखणे हे काम त्यांवरही तितकेच चोख होते. (साधनाचा दर्जा त्याच्या किमतीवरून ठरवण्याची सवय आपल्याला अजूनही सुटलेली नाही, हे येथे नमूद करावेसे वाटते.) परंतु साधने झाली तरी गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. आईबाप पहाटे मजुरीला जात. धाकट्या भावंडाला सांभाळायला थोरली बहीण घरी राही. म्हणजे धाकटे बालवाडीला मुके आणि थोरली शाळेला! मुलांना आळशी न ठरवता ताराबाईंनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. मुलांना आंघोळ घालावी, केस विंचरावेत, नखे कापावीत, मग गाणी, गोष्टी, खेळ. स्वच्छता आणि संगोपन हा त्यांच्या लेखी शिक्षणाचाच पहिला धडा होता.

१९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली समाजाच्या परिसरात गेले. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात बांधून ‘विकासवाडी’ उभी राहिली. थोरली बहीण कडेवरच्या भावंडाला पाळणाघरात ठेवून शेजारच्या वर्गात बसू शकली. गुरे राखणाऱ्या मुलांचे काय, तर त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले. या ‘कुरणशाळे’ची कल्पना आजच्या नियोजनकारांनीही अभ्यासावी अशी आहे.

१९६२ मध्ये भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द खेडोपाडी पोहोचला. कोसबाडची धुरा अनुताई वाघ यांनी पुढे १९९२ पर्यंत, आपल्या अखेरीपर्यंत, वाहिली.