आवाज कमी करणारा मॅक्सिम

सायलेन्सर म्हटले की आपल्याला आधी आठवते ते मोटारसायकलचे धुराडे. ते काढून कानठळ्या बसवणारे दुसरे लावायचे, पोलिसांनी ते जप्त करायचे आणि रोडरोलरखाली चिरडायचे, हा प्रकार पुणे-नागपूरच्या वाचकांना नवा नाही. पिस्तुलाचा सायलेन्सर मात्र बहुतेकांनी पडद्यावरच पाहिलेला असतो. खलनायक सावकाश पिस्तुलाच्या तोंडाला एक नळकांडे फिरवून बसवतो, नुसते फुस्स होते आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाची झोपही मोडत नाही. विज्ञानाच्या दृष्टीने हे दृश्य जवळजवळ संपूर्ण खोटे आहे. ज्यांनी हे उपकरण पहिल्यांदा यशस्वीपणे बाजारात आणले, त्या हायरम पर्सी मॅक्सिम यांना मारेकऱ्यांची सोय करायची नव्हती. त्यांना नेमबाजीचा शौक होता आणि आपल्या शौकाचा शेजाऱ्यांना त्रास होतो, याची लाज वाटत होती.

पर्सी यांचा जन्म २ सप्टेंबर १८६९ चा, ब्रुकलिनमधला. घराणे स्फोटांचेच. वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनी १८८४ च्या सुमारास मिनिटाला सहाशेच्या आसपास गोळ्या झाडणारी मशीनगन बनवली आणि युद्धाचे रूपच बदलून टाकले. काका हडसन मॅक्सिम स्फोटकांचे संशोधक. १८९४ मध्ये प्रयोग करताना झालेल्या स्फोटात त्यांचा डावा हात गेला. वडिलांनी वेगळी किंमत मोजली. आपल्याच बंदुकांच्या चाचण्या वर्षानुवर्षे जवळून घेतल्याने उतारवयात ते जवळपास ठार बहिरे झाले. या माणसाला ब्राँकायटिसचाही त्रास होता. त्यावर त्यांनी वाफारा घेण्याचे एक साधन तयार केले, तर एवढ्या मोठ्या संशोधकाने असल्या वैदूगिरीत पडावे का, अशी टीका झाली. माणसे मारणारे यंत्र काढल्याबद्दल ‘सर’ ही पदवी आणि खोकल्याचे साधन काढल्याबद्दल नाके मुरडणे, हा त्या काळाचा न्याय खुद्द थोरल्या मॅक्सिमनाही चमत्कारिक वाटला होता.

बाप-लेकांचा सहवास थोडाच. १८८१ मध्ये वडील विजेच्या प्रदर्शनासाठी पॅरिसला गेले, पुढे लंडनला स्थिरावले आणि तिथेच त्यांनी नवा संसार थाटला. अमेरिकेत बायको जेन आणि तीन मुले राहिली. पर्सी तेव्हा बारा वर्षांचे होते. त्यांनी १८८६ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, एमआयटीतले शिक्षण पुरे केले आणि काही वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या लिन इथे तोफगोळ्यांच्या कारखान्यात नोकरी धरली.

त्या कारखान्यात १८९२ मध्ये त्यांनी एक उद्योग केला. तोफेच्या रिकाम्या काडतुसात पेट्रोलचे काही थेंब टाकले, वाफ हवेत मिसळू दिली आणि पेटती काडी आत टाकली. जो भडका उडाला, त्याने ते घाबरले आणि हरखलेही: एवढ्याशा थेंबांत एवढी ताकद असेल तर त्यावर गाडी का चालू नये? त्यांनी रात्री जागून इंजिन बनवले, ते तीनचाकी सायकलीला जोडले आणि १८९५ मध्ये हार्टफर्डच्या पोप कंपनीत मोटारी बनवण्यासाठी रुजू झाले. मालक कर्नल पोप यांचा कल विजेच्या गाड्यांकडे होता. स्फोटावर बसून प्रवास करायला लोक तयार होतील, यावर त्यांचा विश्वास नव्हता. पेट्रोलच्या इंजिनावर जीव असलेल्या पर्सींना त्यामुळे बरीच वर्षे आवाज न करणाऱ्या विजेच्या गाड्याही बनवाव्या लागल्या.

सायलेन्सरची कल्पना त्यांना न्हाणीघरात सुचली, असे ते सांगत. टबातले पाणी भोक सापडताच सरळ खाली न पडता भोवऱ्यासारखे फिरत, रेंगाळत जाते. बंदुकीतला वायूही असाच फिरवत ठेवला तर? गोळी नळीबाहेर पडते तेव्हा तिच्यामागे प्रचंड दाबाचा तप्त वायू असतो. तो एकदम हवेत फुटतो, तोच बार. कुकरचे झाकण वाफ असताना उघडले गेले तर काय होते आणि शिटी किंचित वर करून वाफ हळूहळू सोडली तर काय होते, यातला फरक घरोघरी माहीत आहे. मॅक्सिमचे नळकांडे हे दुसरे काम करते. आतल्या पडद्यांत वायू अडतो, फिरतो, थंड होतो आणि थोडा उशिराने, कमी जोराने बाहेर येतो. मोटारींच्या इंजिनाला आवाज दाबणारी डबी याआधीही लागत होती, तत्त्व तेच. ३० मार्च १९०९ रोजी त्यांना पेटंट मिळाले आणि हार्टफर्डहून मॅक्सिम सायलेन्सरची विक्री सुरू झाली. टपालानेही तो मागवता येई. शिकारीचा नाद असलेले माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीही आपल्या एका रायफलीला तो लावून घेतला होता.

बहिऱ्या झालेल्या बापासाठी मुलाने हा शोध लावला, अशी गोष्ट रचण्याचा मोह होतो. पर्सींनी सांगितलेले कारण मात्र शेजाऱ्यांचेच आहे. तरी कानाचा विचार केला, तर बापाच्या यंत्राने जे नेले, ते वाचवण्याच्या दिशेने मुलाचे यंत्र एक पाऊल होते, एवढे म्हणायला हरकत नाही.

ते का, हे समजण्यासाठी कानात डोकवावे लागते. आतल्या कानाच्या शंखाकृती नळीत साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या हलतात आणि मेंदूला संदेश जातो. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कारखान्यातल्या सततच्या आवाजाने त्या हळूहळू झिजतात. बंदुकीच्या बाराने एका क्षणातही जाऊ शकतात. मोठा आवाज झाला की मधल्या कानातला एक बारीक स्नायू आखडून कानाचे थोडे रक्षण करतो, पण त्याला काही शतांश सेकंद लागतात. पिस्तुलाचा बार तोवर होऊन गेलेला असतो. सुरुवातीला जातात ते उंच स्वर, चार हजार हर्ट्झच्या आसपासचे. मग स, श, च, ट, फ ही व्यंजने निसटू लागतात. माणूस तक्रार करतो की ऐकू येते, पण समजत नाही; घरचे म्हणतात की लक्षच देत नाही.

अशा क्षणिक बाराची धोक्याची रेषा १४० डेसिबलला मानली जाते. पिस्तुलाचा बार सर्वसाधारणपणे १५५ ते १६५ डेसिबलचा असतो. चांगला सायलेन्सर त्यातून २० ते ३५ डेसिबल कमी करतो. आकडा लहान दिसतो, पण डेसिबलचे गणित वेगळे आहे: ३० डेसिबल कमी म्हणजे आवाजाची तीव्रता हजारावा भाग. असे असूनही उरतात १३० च्या आसपास. कुजबुज ३० डेसिबलची असते, यावरून सिनेमातल्या फुस्सचे काय ते समजावे.

शिवाय बार हा गोळीच्या आवाजाचा एकच भाग. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. गोळी त्याहून वेगाने गेली तर ती वाटेत चाबकासारखा कडाका काढते आणि नळीच्या तोंडाशी बसवलेले काहीही तो थांबवू शकत नाही. म्हणून जिथे कायदा परवानगी देतो तिथे पिस्तुलासाठी सायलेन्सर निवडणाऱ्याला आधी गोळी निवडावी लागते. जुन्या अमेरिकी लष्करी पिस्तुलाची .४५ ची जड गोळी सेकंदाला २५० मीटरच्या आसपास जाते, म्हणून तिचा कडाका नाही. ९ मिलिमीटरची नेहमीची गोळी ध्वनीपेक्षा वेगवान असते; तिच्यासाठी मुद्दाम मंद वेगाची, जड काडतुसे घ्यावी लागतात. रिव्हॉल्व्हरला तर सायलेन्सर बहुधा निरुपयोगीच, कारण फिरते चक्र आणि नळी यांच्या फटीतून वायू आधीच निसटतो. स्वयंचलित पिस्तुलात आणखी एक अडचण असते. बहुतेकांची नळी दर गोळीला मागे सरकून किंचित झुकते. तिच्या टोकाला वजन टांगले की ही हालचाल अडते आणि पुढची गोळी चढत नाही. त्यासाठी सायलेन्सरमध्येच स्प्रिंगची जोड असावी लागते. मोठे नळकांडे आवाज जास्त दाबते, पण हात थकवते आणि नेम बिघडवते. जाहिरातीतला डेसिबलचा आकडा नळीच्या तोंडाशी मोजला आहे की नेमबाजाच्या कानाशी, हेही पाहावे लागते, कारण स्वयंचलित पिस्तुलाची खिडकी उघडताच थोडा वायू थेट चेहऱ्याकडे येतो. आणि हे सगळे जमले तरी कानावरचे संरक्षक काढायचे नाहीत.

पर्सींच्या हयातीतच लोकांच्या मनात दुसरेच चित्र घट्ट झाले. चोरशिकारी आणि खुनी यांची भीती पुढे आली. काही अमेरिकी राज्यांनी त्यावर लवकरच बंदी घातली. १९३४ च्या केंद्रीय कायद्याने सायलेन्सरला मशीनगनच्याच पंक्तीत बसवले, नोंदणी सक्तीची केली आणि प्रत्येक हस्तांतरावर २०० डॉलरचा कर लावला. बापाचे यंत्र आणि मुलाचे यंत्र एकाच कलमाखाली आले. महामंदीतले २०० डॉलर ही बंदीच होती. नॉर्वे आणि फिनलंडमध्ये मात्र शिकारी आज सायलेन्सर सर्रास वापरतात आणि कान व शेजार या दोन्हींसाठी तो चांगला समजला जातो.

पर्सींच्या कंपनीने त्याआधीच बंदुकीचा नाद सोडून दिला होता. इंजिने, हवेचे पंप, कारखान्यांची धुराडी अशा गोंगाट करणाऱ्या यंत्रांसाठी ती आवाज दाबणारी साधने बनवू लागली. पैसाही त्यातच मिळाला. एव्हाना त्यांचे मन बिनतारी संदेशांत गुंतले होते. १९१४ मध्ये त्यांनी क्लॅरन्स टस्का यांच्यासोबत हौशी रेडिओवाल्यांची अमेरिकी संघटना उभारली. दूरचा संदेश एकाने पकडून पुढच्याला द्यायचा, अशी ती साखळी. संघटनेच्या मासिकात म्हातारा या टोपणनावाने एक लेखक हवेतल्या खरखरीवर आणि एकमेकांच्या संदेशांत घुसणाऱ्यांवर सतत आगपाखड करी. तो म्हातारा म्हणजे पर्सी, हे वाचकांना त्यांच्या मृत्यूनंतर कळले. गोंगाटावरचा राग बंदुकीपुरता नव्हता तर.

फेब्रुवारी १९३६ मध्ये ते पत्नी जोसेफिन यांच्यासह ॲरिझोनातल्या लोवेल वेधशाळेकडे निघाले होते. खगोलशास्त्र हा त्यांचा शेवटचा छंद. गाडीतच घशाचा संसर्ग बळावला, म्हणून कोलोरॅडोतल्या ला हुंटा इथे त्यांना उतरवून रुग्णालयात नेले. १७ फेब्रुवारीला तिथेच त्यांचे निधन झाले, वयाच्या ६६ व्या वर्षी. त्याच वर्षी त्यांचे वडिलांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात मशीनगन जवळजवळ नाहीच. आहेत त्या लहानपणी वडिलांनी केलेल्या खोड्या, घरातले चक्रम प्रयोग आणि लंडनला जाण्यापूर्वीचा, अजून सगळे ऐकू येत असलेला एक तरुण बाप.