गणितमहर्षी ऑयलर

स्वित्झर्लंडमधील बाझेल या नगरात १५ एप्रिल १७०७ रोजी लेओनार्ड ऑयलर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. मुलानेही तोच मार्ग धरावा, अशी त्यांची इच्छा होती. परंतु योहान बेर्नुली या थोर गणितज्ञांनी मुलाची असामान्य बुद्धी ओळखली व वडिलांचे मन वळविले. १७२७ साली ऑयलर रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथील विज्ञान अकादमीत गेले.

१७२९ साली गोल्डबाख या मित्राने पत्रातून त्यांचे लक्ष एका कोड्याकडे वेधले. २, ४, १६, २५६, ६५,५३६ या ओळीत प्रत्येक संख्या मागील संख्येचा वर्ग आहे. प्रत्येकीत १ मिळविला, की ३, ५, १७, २५७ व ६५,५३७ या संख्या येतात. या पाचही मूळ संख्या आहेत; म्हणजे १ व ती संख्या स्वतः यांवाचून दुसऱ्या कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही. ही ओळ कितीही वाढविली तरी मूळ संख्याच मिळतील, असे फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांचे मत होते. त्याची सिद्धता मात्र त्यांना देता आली नव्हती.

ओळीतील सहावी संख्या होती ४,२९,४९,६७,२९७. नेहमीच्या रीतीने ती मूळ ठरवावयाची, तर सहा हजारांहून अधिक मूळ संख्यांनी तिला भागून पाहावे लागते! १७३२ साली ऑयलर यांनी दाखविले, की तिला ६४१ ने निःशेष भाग जातो आणि भागाकार ६७,००,४१७ येतो. एवढ्या थोर गणितज्ञाचे मत एका भागाकाराने खोटे ठरले.

पुढे त्यांनी त्यामागील तत्त्वही सिद्ध केले. या संख्येच्या कोणत्याही विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ च उरली पाहिजे. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ या होत. पहिल्या चारांनी भाग जात नाही; पाचवीने जातो. हजारो भागाकारांचे काम विचाराच्या बळावर पाचांत आटोपले.

१७३८ साली त्यांचा उजवा डोळा निकामी झाला. पुढे पंचवीस वर्षे बर्लिन येथे काढून १७६६ साली ते सेंट पीटर्सबर्गला परतले, आणि थोड्याच काळात डावा डोळाही गेला. १७७१ साली त्यांचे घर आगीत भस्मसात झाले. तरीही त्यांचे कार्य थांबले नाही. ते मनातल्या मनात गणिते करीत, तोंडी सांगत आणि मुले व शिष्य ती लिहून घेत. १७७२ साली त्यांनी २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मूळ असल्याचे कळविले. त्या काळी ज्ञात असलेली ती सर्वांत मोठी मूळ संख्या होती.

१८ सप्टेंबर १७८३ रोजी ऑयलर निवर्तले. मुलांनो, वहीत ६४१ व ६७,००,४१७ यांचा गुणाकार करून पाहा. थोरांचे मतही पडताळून पाहावे, हा त्यांचा धडा तुम्हांस स्वतःच्या हाताने गिरविता येईल.